इंग्रजांची धुराडी आणि आमची बुखारी

सुभेदार महादेव पाटोळे साहेबांमुळे मी पदवीधर झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. साहेबांनी मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावलं, परीक्षेसाठी रजाही मिळवून दिली.

आमची पोस्ट बर्फात होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, शस्त्रं साफ करणं. दुपारी मी बुखारीपाशी, बंकर गरम ठेवणाऱ्या पाइपवाल्या शेगडीपाशी, इतिहास वाचत बसे. एक प्रकरण ट्यूडर राजांच्या काळातल्या इंग्लंडमधल्या साध्या घरांवर होतं. आधी घराच्या मधोमध चूल असे आणि धूर छपरातून जाई. मग विटांची धुराडी आली. म्हातारे कुरकुरले की धुराने लाकूड टिकतं, माणूसही निरोगी राहतो. मी ते मोठ्याने वाचलं.

"आमची आई हेच म्हणते," लान्स नायक शंकर जगदाळे म्हणाला. "इंग्लंडची आहे काय बघायला पाहिजे."

त्याच हिवाळ्यात वादळ आलं. शंकर पुढच्या बंकरमध्ये एकटा होता. रेडिओवर त्याचा आवाज जड आला.

"ऑल ओके. डोकं दुखतंय. ओव्हर."

साहेबांनी सेट हातात घेतला. "बुखारी बंद कर. बाहेर ये. ओव्हर."

उत्तर आलं नाही. दोर बांधून आम्ही पोहोचलो, तेव्हा बुखारीच्या पाइपचं तोंड बर्फाने बुजलं होतं. आत धूर दिसत नव्हता, पण डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू कोंडला होता. शंकर गेला होता.

आता मी फौजेतून निवृत्त होऊन ओमानमध्ये दुक्मला लेबर कॅम्पमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. यंदाच्या थंडीत, संध्याकाळच्या राउंडला, एका केबिनची खिडकी ब्लँकेटने बंद केलेली दिसली. दार ढकललं. चौघे जण, मधे पत्र्याच्या डब्यात कोळसे.

"बाहेर. सगळे."

सावंतवाडीकडचा गवंडी नारायण परब हलेना. "सर, धूर केवाच गेलो. आता नुसते निखारे."

"डोकं दुखतंय?"

"वायच दुखता."

एकाला उभंच राहता येईना. त्याला उचलून क्लिनिकला नेलं, ऑक्सिजन लावला. चौघेही वाचले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंग्लंडच्या धुराड्यांबद्दल सांगितलं. नारायण मन लावून ऐकत होता.

"मगे त्या म्हाताऱ्यांनी धुराडां बांधल्यानी काय नाय?"

"बांधलं. उशिरा."

त्या आठवड्यात साहेबांना पत्र टाकलं:

"साहेब, जय हिंद. इथे चार माणसं वाचली. मला धोका कसा कळला, असं त्यांनी विचारलं. मी शंकरचं नाव सांगितलं. हे त्याच्या आईला कळवावं का? आईंना बरं वाटेल की त्रास होईल, मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन."