पडद्यामागे मूर्ती होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. त्या संध्याकाळी माझा मित्र आमच्या गणपतीच्या आरतीला आपणहून आला नव्हता. मी त्याला खोटं सांगून मंडपात आणलं होतं. आणि पुढे त्याच्या लोकांनी मला समोर बसवून विचारलं, तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

लोक मला अबोल म्हणतात. गिरणी सुटल्यापासून छापखान्यात मी मुद्रितं तपासतो, तिथली पोरं म्हणतात, काका कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण मी कमी बोलतो त्याचं कारण स्वभाव नाही. एकदा बोलायला लागलो तर हेच तोंडातून बाहेर पडेल, ही भीती आहे.

लालबागला आमची चाळ रस्त्याला लागून होती, माझ्या त्या मित्राची मागे. मालक एकच. पुढच्या चाळीत आम्ही कोकणातले, मागच्या चाळीत ती माणसं, ज्यांना आमच्याकडची म्हातारी माणसं तेव्हाही जातीच्या नावानेच हाक मारायची. पाटी कुठेच नव्हती. पण नवीन बिऱ्हाड आलं की ते कुठे जाणार, हे भाडं गोळा करणाऱ्याला सांगावं लागत नसे. गिरणी आमची एकच. मी साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे, बदली कामगार होतो. तो रिंगखात्यात, सूत काततात तिथे. पगार आमच्या खात्यात जास्त.

मैत्री झाली ती चळवळीमुळे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत प्रत्येक गल्लीत एखादं कलापथक निघालं होतं, तसं आमचंही. मी पोवाडे म्हणायचो आणि तो ढोलकी वाजवायचा. परळच्या गेटसभा, दादरची मैदानं, एकदा ठाकूरद्वारला एका वाडीच्या चौकात, जिथे गॅलरीतल्या बायकांनी आमच्यावर फुटाणे आणि चिरमुरे उधळले होते. तो वाजवताना डोळे मिटायचा. अगदी घट्ट.

“पोलीस आले तर?” मी एकदा विचारलं.

“तू उघडे ठेव ना. गाताना तुझ्या डोळ्यांना दुसरं काय काम असतं?”

हा विनोदच होता, पण पुढे एका सभेत खरंच लाठ्या आल्या. मी त्याला दंडाला धरून ओढलं. तो डोळे मिटलेलेच ठेवून माझ्यामागे धावला, ढोलकी पोटाशी धरून. गल्लीत पोहोचल्यावर म्हणाला, “उघडू का आता?” आम्ही भिंतीला टेकून वेड्यासारखे हसलो. त्यानंतर तो माझ्या डोळ्यांच्या भरवशावर वाजवायचा.

आमच्या घरी तो आमच्याच कपातून चहा प्यायचा. ह्याचा मला फार अभिमान होता. अभिमान वाटावा असं त्यात काय होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

मग त्यांच्या नेत्याचं निधन झालं. दादरच्या समुद्रावर लोटलेल्या त्या माणसांत तोही होता. त्याच दिवसांत त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव त्याने स्वतःच्या हाताने काढले. गिरणीच्या गेटवर त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, “बरं केलंस.” म्हटलं, पण आत काहीतरी दुखावलं. आदल्या वर्षापर्यंत तो आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे वाजवत होता. मंडपाबाहेर बसून का होईना, वाजवत होता. बाहेर बसून, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला फक्त वाजवणं आठवायचं.

पुढच्या वर्षी श्रावण संपत आला आणि तो यंदा वाजवणार नाही म्हणून मंडळात कुरबुर सुरू झाली. मंडळाचे अध्यक्ष आमच्या खात्यातले जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामा म्हणाले, “मोर्चात खांद्याला खांदा लावतो तो. मग आमचा बाप्पाच काय त्याला चावतो? आण त्याला. तुझा दोस्त ना?”

गिरणीसमोरच्या हॉटेलात मी विषय काढला. त्याने पाव चहात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

“नाही रे. पोवाड्याला कधीही हाक मार, झोपेतून उठून येईन. गणपतीपुढे हात चालणार नाही. शब्द दिलाय.”

“अरे, तू कुठे पूजा करतोयस? नुसतं वाजवायचं. वाजवणं म्हणजे काय पूजा?”

“मग काय?”

“कला. हातांचं काम.”

पावाचा भिजलेला तुकडा चहात पडला. त्याने तो चमच्याने काढायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

“बरं,” तो म्हणाला, “एक सांग. धोट्यात नवी कांडी भरली की धागा बाहेर कसा काढता तुम्ही?”

मला कळलं तो कुठे चालला आहे. विणकराने आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचा, अशी तेव्हाची रीत. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. म्हणून तर साचेखात्यात त्याच्या लोकांना घेत नसत. आमचेच कामगार घेऊ देत नसत.

“तोंडाने,” मी म्हटलं.

“ते म्हणजे काय जेवण आहे? नुसता धागा ओढायचा. हातांचं, आपलं, तोंडाचं काम.” तो हसत होता. “तिथे एवढ्याशा थुंकीने तुमचा धर्म बुडतो, आणि इथे तासभर ढोलकी बडवून माझ्या धर्माला काही होत नाही. मजा आहे ना तुमची?”

“मी ते नियम केले नाहीत.”

“मी कुठे म्हटलं तू केलेस? चहा गार होतोय.”

त्याला माझ्याशी भांडायचं नव्हतं. मला मात्र त्याच्या प्रश्नाचा राग आला. मामांच्या हातात माझं कायम होणं होतं, त्या भीतीने मी पुढचं केलं, असं लिहिलं तर सोपं जाईल. ती भीती होती. पण खरं सांगायचं तर मला तो पुन्हा पहिल्यासारखा हवा होता. माझा देव त्याला नकोसा झाला, हे मला सहन होत नव्हतं. तो देव त्याला कधी जवळ येऊ देत नव्हता, तेव्हा मात्र मला काही झालं नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, “संध्याकाळी मंडपात चळवळीचा कार्यक्रम आहे. पोवाडे.”

“मंडपात? मूर्ती?”

“उद्या सकाळी येणार. आत्ता नुसता पडदा आहे.”

मूर्ती दुपारीच आली होती. पाटाच्या एका बाजूला माझा खांदा होता.

तो आला. नवीन दोरी ओढलेली ढोलकी, पांढरा सदरा. ह्या खेपेला त्याला मंडपाच्या आत, पडद्याजवळ बसवलं. मी पोवाडा सुरू केला. मंडप खचाखच भरला होता, मागच्या चाळीतलीही दहा-बारा माणसं फुटपाथवर उभी होती. पोवाडा सगळ्यांचा होता. त्याने डोळे मिटले. इतकं सुरेख त्याने पूर्वी कधी वाजवलं नव्हतं. पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात मी मामांना पडद्याच्या दोरीकडे जाताना पाहिलं. माझे डोळे उघडे होते.

पडदा सरकला, माणसांनी एकच गजर केला, आणि झांजा वाजायला लागून आरती सुरूसुद्धा झाली. शास्त्राप्रमाणे प्रतिष्ठापना दुसऱ्या दिवशी होती, पण मामांना तेवढा धीर कुठला. त्याचे हात लगेच थांबले नाहीत. पोवाड्याच्या ठेक्यावरून ते आरतीच्या ठेक्यावर गेले, सवयीने, वर्षानुवर्षांच्या सवयीने. मग त्याने डोळे उघडले. हात थांबले. त्याने मूर्तीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

कुणीतरी पुढे होऊन त्याच्या कपाळाला गुलाल फासला. “वा रे पठ्ठे, आलास ना शेवटी घरी!”

मला वाटलं, तो गुलाल पुसेल. त्याने पुसला नाही. आरती संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिला, मग ढोलकी उचलून गर्दीतून बाहेर गेला. मागच्या चाळीतल्या माणसांनी त्याला तसाच, गुलाल लावलेला पाहिला. मी त्याच्यामागे गेलो. तो चाळीच्या नळावर कपाळ धूत होता.

“तिथेच का नाही पुसलास?” मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

“तुझी आई पुढे बसली होती. तिच्यासमोर तिच्या देवाचा गुलाल कसा पुसू?”

मी म्हटलं, “अरे, प्रतिष्ठापना अजून झालेली नाही. म्हणजे ती नुसती मातीची मूर्ती. तसं बघितलं तर तू कुणापुढेच वाजवलं नाहीस.”

“हे तुझ्या बाजूने झालं,” तो म्हणाला. “माझ्या बाजूने कसं दिसतं, ते बघितलंस का?”

नळ त्याने नीट बंद केला.

घरी आल्यावर आईने विचारलं, “तो रागान गेलो काय रे?”

“नाही गं. काम होतं त्याला.”

ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “देवाक ढोलकी नको होती. तुका व्हयी होती.”

दोन-तीन दिवसांनी तो माझ्याकडे आला, पण आत आला नाही. मागच्या चाळीत एका खोलीत त्यांनी वाचनालय काढलं होतं. संध्याकाळी तिथे तो लहान पोरांना वंदना शिकवायचा. ते काम त्याच्याकडे आलं तेव्हा त्याने मला पेढा दिला होता. आता तिथे बैठक बोलावली होती. दीक्षेला वर्षही झालं नाही आणि हा गणपतीपुढे वाजवतो, गुलाल लावून घेतो, मग पोरांना काय शिकवणार, असं लोक विचारत होते.

“माझं म्हणणं त्यांना खोटं वाटतंय,” तो म्हणाला. “तू ये. एवढंच सांग की पडदा होता, आणि तू मला काय सांगितलं होतंस. शिव्या मी खातो. तुला कोणी काही म्हणणार नाही.”

“येतो,” मी म्हटलं.

गेलोही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः सतरंजीवर बसले. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ, गोदीत काम केलेले, फार अदबीने बोलत होते. “तुम्ही मंडळाचे. खरं ते सांगा. हे आपणहून आले होते का?”

“वाजवायला बोलावलं होतं. आला.”

“मूर्ती बसलीय, हे ह्यांना ठाऊक होतं?”

दारात पोरं उभी होती. आत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे एकच मेणबत्ती. मला वाटलं, मी खरं बोललो तर सकाळपर्यंत ते मामांच्या कानावर जाईल, सगळ्या लालबागला कळेल की आम्ही बाप्पाच्या नावाने माणूस फसवला. बाप्पाची लाज राखायची असं मी मनात म्हटलं. लाज माझी होती.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत होता. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे. मग तोच म्हणाला, “ठीक आहे, काका. चूक माझी. डोळे उघडे ठेवायला हवे होते.”

त्याला कुणी वाळीत टाकलं नाही. ते वयस्क गृहस्थ एवढंच म्हणाले, की पोरांची वंदना काही दिवस दुसरा कुणी घेईल. ते काही दिवस संपले नाहीत. त्याने ढोलकी आमच्या पथकाकडे पाठवून दिली, एका पोराबरोबर, निरोप न देता. वर्षाच्या आत खोली सोडून तो शिवडीला गेला. दिवाळीनंतर मी साचेखात्यात कायम झालो.

राज्य झालं त्या दिवशी लालबाग दिव्यांनी भरून गेलं होतं. नवा ढोलकीवाला घेऊन आम्ही गात होतो. कार्यक्रम संपल्यावर तो मला समोरच्या फुटपाथवर दिसला, धाकटी मुलगी खांद्यावर. मी धावत गेलो.

“झालं एकदाचं,” तो म्हणाला. आनंद त्याला झाला होता. लाठ्या त्यानेही खाल्ल्या होत्या.

“ये ना वर. सगळे आहेत.”

“नको. ही झोपेला आलीय.” मग साध्या आवाजात त्याने विचारलं, “धागा अजून तोंडानेच ओढता?”

“हो.”

त्याने मान हलवली. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि निघाला. त्या वेळी रस्ता ओलांडता ओलांडता मी सांगू शकलो असतो. मी पुन्हा मंडळींत गेलो आणि आणखी एक पोवाडा म्हटला.

ते वयस्क गृहस्थ आता नाहीत. त्या खोलीतली पोरं मोठी झाली. एक बँकेत आहे, एक शाळेत शिकवते, रस्त्यात भेटली की मला काका म्हणतात. वाचनालय आहे तिथेच आहे, दर संध्याकाळी उघडतं. माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. तो शिवडीतच असतो, असं कळतं.

त्या खोलीत उभं राहून, त्याला शेजारी बसवून, मला एवढं सांगायचं बाकी आहे: मूर्ती पडद्यामागे होती, हे मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आपला शब्द मोडलेला नाही. मी अजून गेलेलो नाही.