येष्टी नावाची तार

स्क्रीनवर आडवे पट्टे आले तेव्हा क्लायंटचे दोन साहेब चहा पीत होते आणि आमचे डायरेक्टर केदार सर त्यांना "टेक्सचर बघा, टेक्सचर" असं सांगत होते. टेक्सचर दिसतच नव्हतं. पट्टे दिसत होते.

क्लायंट गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "मुलाणी, तुझं लॉजिक काढून टाक. शुक्रवारपर्यंत. आपण कॅश दुप्पट करू."

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यात आम्ही ग्राफिक्स चिप डिझाइन करायचो आणि ती बनायच्या आधी चाचणीच्या बोर्डवर चालवून बघायचो. चिपचं दुखणं साधं असतं. गणित ती चुटकीसरशी करते, पण मेमरीतून माल येईपर्यंत तिला ताटकळावं लागतं. कॅश म्हणजे हाताशी ठेवलेला थोडा माल. ती वाढवली की चिप मोठी होते, महाग होते आणि डायरेक्टरला दुसरं काही सुचलं नाही हे जगाला कळतं.

माझा उपाय वेगळा होता. मेमरीत माल ओळीओळीने ठेवलेला असतो. एक ओळ उघडायला वेळ लागतो, उघडली की मात्र भराभर निघतो. म्हणून मी मागण्यांचा क्रम बदलला. उघड्या ओळीतलं आधी, बाकीच्यांनी थांबायचं. सरासरी वेळ झकास घटला. सरांनी तो आलेख स्लाइडवर लावून टाळ्याही घेतल्या. तेव्हा ते 'आपलं लॉजिक' होतं. पट्टे आल्यावर 'तुझं' झालं.

आठ महिन्यांचं काम होतं. मला रडू आलं नाही, राग आला. तो घेऊनच मी रविवारी भोरला घरी गेले.

अब्बांचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. माल माळ्यावर, शिडी एकच, आणि गुडघे अब्बांचे. त्यामुळे ते चार-पाच गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या गोळा करून एकदाच चढायचे आणि एका कप्प्यातला सगळ्यांचा माल एकदम उतरवायचे. मी हे लॉजिक कुठून उचललं ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात पालीचे एक आजोबा म्हणाले, "भाई, माजी येष्टी हाय."

अब्बांनी घड्याळ बघितलं, त्यांची चिठ्ठी वर घेतली आणि एका एल्बोसाठी शिडी चढले.

लगेच शिवऱ्याचा एक जण ओरडला, "चाचा, माजी बी येष्टी हाय!"

"तुजी फटफटी भायेर हुबी हाय. गप बस."

मी विचारलं, "अब्बा, अशानं शिडी जास्त चढावी लागते ना?"

"चढंन की. त्येंची येष्टी गेली तर मुक्कामाला आपल्याकडंच येत्याल."

मी हसले, आणि हसता हसता डोक्यात उजेड पडला. स्क्रीन दाखवणारा डिस्प्ले ब्लॉक हे येष्टीवालं गिऱ्हाईक होतं. स्क्रीनची पुढची रेघ वेळेत हाती आली नाही, तर तो थांबू शकत नाही. जे असेल ते दाखवतो. तेच पट्टे. आणि मी बयेने त्यालाच मागे ढकललं होतं.

सोमवारी मी चिपच्या डिझाइनमध्ये एक तार वाढवली. डिस्प्लेजवळचा साठा संपत आला की ती इशारा देणार आणि त्याची मागणी सगळ्यांच्या पुढे जाणार. साठा भरपूर असेल तर इशारा द्यायची सोयच नाही, फटफटीवाल्यांचा बंदोबस्त. तारेचं नाव ठेवलं 'येष्टी', इंग्रजीत YESHTI. गुरुवारपर्यंत पट्टे गेले आणि वेग जवळजवळ तेवढाच राहिला.

शुक्रवारी क्लायंट परत आला. सरांनी मला मागच्या खुर्चीत बसवलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. एका साहेबाने आकृतीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

सर क्षणभरही अडखळले नाहीत. "यील्ड एन्हान्स्ड शेअर्ड हाय थ्रूपुट इंटरफेस."

माणूस हुशार होता, हे मान्य. साहेबाने ते वहीत लिहूनही घेतलं. मग ती तार कुठून कुठे जाते ते आकृतीत बघून विचारलं, "पण मग प्रत्येकच ब्लॉक स्वतःला अर्जंट म्हणवून घेईल. खोटं बोलणारा ओळखता कसा?"

सर स्वतः प्रत्येक मेलला अर्जंटचं लाल चिन्ह लावायचे. त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली आणि मागे वळून बघितलं.

मी उठले आणि फळ्यावर सगळं काढून दाखवलं.

चिप माझ्या लॉजिकसकट कारखान्यात बनायला गेली. कॅश होती तेवढीच राहिली. वर्षअखेरीचं बक्षीस सरांना मिळालं, त्या लांबलचक नावासाठी. क्लायंटचे मेल मात्र तेव्हापासून थेट मला यायला लागले आणि सर सीसीत.

नवीन मुलामुलींना मी एवढंच सांगते. आपल्या कामाची मीटिंग असेल तर मागची खुर्ची मिळाली तरी जाऊन बसा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर साहेबांकडे असतंच. दुसरा प्रश्न येईपर्यंत उठू नका.