जागेवरची तपासणी

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात, एका ट्रान्सपोर्ट तळावर होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. नायक रशीद तिथला ड्रायव्हर. गंगापूर तालुक्यातला, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. पहाटे इंजिने गरम करायची, ब्रेक आणि टायर तपासायचे, आणि उजाडताच रेशनचा कॉन्व्हॉय वरच्या चौकीकडे निघायचा.

रशीदची एक-टनी गाडी चढावर दम सोडू लागली. सपाटीवर काही तक्रार नव्हती. दोनदा ती घाटात बंद पडली, दोनदा टो करून खाली आणली आणि वर्कशॉपमध्ये पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तिसऱ्या वेळी मी रेडिओवर अधिकाऱ्यांकडे परवानगी मागितली.

"सर, गाडी हलवू नका. मी वर येतो. बंद अवस्थेत बघायची आहे. ओव्हर."

"निगेटिव्ह. रस्ता मोकळा करा. खाली आणा. आउट."

खाली आणली. सुरू झाली. 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवण्यात आली. त्या दिवशी ती वळणावर बंद पडली आणि रशीदसह दरीत गेली. चौकशीचा निष्कर्ष एका ओळीचा होता : ड्रायव्हरचा ताबा सुटला.

त्या ओळीचा राग निवृत्तीनंतरही उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

रशीदच्या पत्नी नसीमभाभी शहरात, गारखेड्यात, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. रशीदने सुट्टीवर असताना घेतलेली जुनी, कार्बोरेटरची छोटी गाडी त्या स्वतः चालवतात. त्यांच्या अम्मी खुलताबादला असतात. आठवड्यातून दोनदा अम्मींना डायलिसिससाठी शहरात आणायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे. वाटेत दौलताबादच्या पुढचा घाट. गेल्या महिन्यात त्याच घाटात गाडी बंद पडू लागली. एकदा अम्मी मागच्या सीटवर आडव्या झालेल्या असताना मागचा ट्रक बंपरपाशी येऊन कसाबसा थांबला. भाभींनी मला ही हकिकत दारात उभ्या उभ्या सांगितली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी त्यांच्याबरोबर गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती, कार्बोरेटर दोनदा उघडला होता.

"काका, गाडीत काय बी नाय. बघा, कशी चालतीय!" त्याने जागेवरच रेस दिली.

"घाटात नेऊन पाहिली?"

"घाटात कशाला? इथं चालती म्हणजे तिथं बी चालती. लई जुनी झालीय, भंगारात द्या."

"पेट्रोलची लाइन?"

"हवा मारली की. एकदम मोकळी."

"दोष नाही म्हणतोस आणि भंगारात द्या म्हणतोस. यातलं एक काहीतरी ठरव." माझा आवाज चढला होता. शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. भाभी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, इथं परेड नको. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मींना आणायला निघालो. भाभी चालवत होत्या, मी शेजारी. त्यांना एवढेच सांगितले होते : बंद पडली की पुन्हा सेल्फ मारायचा नाही.

घाटाच्या मध्यावर इंजिन अडखळले, खोकले आणि थांबले. भाभींनी गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. मी चाकांमागे दगड लावले, मागच्या वळणावर लाल त्रिकोण ठेवला आणि बॉनेट उघडले.

हे वाचकांनी लक्षात ठेवावे. गाडी जिथे बंद पडते तिथेच तिचा दोष उघडा असतो. थोडा वेळ गेला की तो झाकला जातो. या गाडीच्या पेट्रोल फिल्टरची डबी पारदर्शक आहे. ती त्या क्षणी जवळजवळ रिकामी होती. टाकीत पेट्रोल भरपूर होते. टाकीचे झाकण उघडले; हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचे छिद्र बुजलेले नव्हते. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. पाहता पाहता डबी हळूहळू भरली आणि गाडी सुरू झाली. टो करून नेली असती, तर गॅरेजमध्ये भरलेलाच फिल्टर दिसला असता.

अम्मींना डायलिसिसला पोचवून घरी आल्यावर टाकीपाशी असलेला रबरी पाइपचा तुकडा काढला. बाहेरून ठणठणीत. फुंकर मारली, हवा पलीकडे गेली. मग तोंडाने हवा ओढून पाहिली. पाइप आतून मिटला. जुन्या रबराचा आतला थर सुटून झडपेसारखा झाला होता. इंजिन पेट्रोल ओढते, फुंकत नाही. चढावर ते जास्त ओढते, आणि जितके जास्त ओढावे तितका तो थर घट्ट बसतो. हवा मारून तपासणाऱ्याला लाइन मोकळीच सापडणार. वीतभर पाइपसाठी एक म्हातारी बाई ट्रकखाली गेली असती.

नवा पाइप बसवला. संध्याकाळी अम्मींना सोडायला पुन्हा तोच घाट चढलो. इंजिन एकदाही अडखळले नाही. वर सपाटीवर भाभींनी गाडी थांबवली.

मागून अम्मी म्हणाल्या, "मशीनचं काय खरं नाय, बेटा. माझ्या जावयालाबी सांभाळता आली नव्हती गाडी."

भाभींचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. "भाऊ, अम्मीला सांगा. मी सांगितलं की तिला वाटतं, बायको नवऱ्याची बाजू घेतेय."

मी मागे वळलो आणि रिपोर्ट द्यावा तसे सांगितले.

"अम्मी, दरीत उतरून ती गाडी मी स्वतः तपासली. गिअर पहिल्यात होता. हँडब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता. वर वळणावर चाकांमागे दगड लावायला रशीदनं सोबतच्या जवानाला खाली उतरवलं होतं. तो जवान वाचला; पुढचं त्यानंच सांगितलं. मागच्या गाडीत माणसं होती, गाडी घसरली तर त्यांच्यावर गेली असती, म्हणून रशीद ब्रेकवर पाय दाबून आत बसून राहिला. रस्त्याची कड खचली. ताबा सुटला नव्हता. हे मी चौकशीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही."

अम्मी भाभींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उतरू शकला असता?"

"हो," मी म्हणालो. "दार त्याच्याच बाजूला होतं."