देवरामच्या बांबूवरचा निळा धागा

देवराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. त्याची बायको, वनितावहिनी, एवढंच बोलली, "भाऊजी, तुमचा दोस्त गेला जी. छातीत कळ आली न बसल्या जागीच..." खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, प्यायलेला तर नसेल? महिना उलटला, तरी त्या विचाराची लाज जात नाही. मी मुळातलाच संशयी. दूधवाल्याचं माप तपासल्याशिवाय पातेलं आत नेत नाही. देवराम म्हणायचा, "मास्तर, तू देवाच्या प्रसादातबी खडा शोधशील."

लाखनीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी मास्तर झालो, तो ड्रायव्हर. राइस मिलच्या कोंड्याची पोती भरून त्यानं पंचवीस वर्षं ट्रक चालवला. त्याच्या गाडीत एक लांब बांबू असायचा. वाटेत जितके बुटके पूल, तितके त्यावर रंगीत धागे. प्रत्येक पुलाची उंची स्वतः मोजून बांधलेली. माल भरला की बांबू गाडीला लावून उभा करायचा. माल त्या पुलाच्या धाग्यापेक्षा दोन बोटं खाली असला, तरच निघायचा. फलकावरच्या आकड्यावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. "फलक लिवणारा कधी गाडी घेऊन आला काय इथून?" असं विचारायचा. या बाबतीत तो माझ्याहून संशयी होता.

मागच्या वर्षी अड्याळच्या बाजूला, रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या कालव्याच्या पुलाखाली त्याची गाडी अडकली. त्या वाटेनं तो बऱ्याच महिन्यांनी चालला होता. भरदुपारी वरची पोती पुलाला लागली, गाडी कलंडली, त्याचा हात मोडला. मालकानं कामावरून काढलं. "एवढ्या वर्साचा ड्रायव्हर, त्याले पूल दिसत नाही?" लोक म्हणाले, पियेल असन. आणि मी? दवाखान्यात उशी नीट करायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाजवळ वाकलो. त्यानं डोळे उघडले.

"वास घेऊन राहिला काय, मास्तर?"

वास फक्त औषधाचा होता. मी उशी पुन्हा नीट करू लागलो.

मग भेटला की त्याचं एकच मागणं. "निळा धागा त्याच पुलाचा हाय. माल दोन बोटं खालीच होता. एकडाव चल, बांबू लावून पाहू. तू सांगशील त लोक आयकतील." मी कधी परीक्षा सांगितल्या, कधी कुणाचं लग्न. खरं कारण वेगळंच होतं. पूल अगदी धाग्याएवढाच निघाला तर? मग माल जास्त भरला होता, तो खोटं बोलला, आणि ते त्याच्या तोंडावर मलाच सांगावं लागणार. मला त्याचीच भीती वाटत होती. नंतर त्यानं विचारणं सोडलं.

तेरवी झाल्यावर वहिनीनं बांबू माझ्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याच्या टेम्पोत टाकून गेलो आणि त्याच पुलाच्या कडेला उभा केला. निळा धागा पुलाच्या तळापेक्षा सहा बोटं वर गेला. दुसऱ्या बाजूनं लावला, तरी तेच. जवळच्या पानठेलेवाल्याला विचारलं. "ते गाडी अडकली त्याच्या आंधीच डांबर टाकलं ना जी, दोन डाव. जुनं न खोदता त्याच्यावरच." फलकावर आकडा मात्र जुनाच होता.

देवरामची चूकच नव्हती, असं मी म्हणणार नाही. त्यानं स्वतःच कबूल केलं असतं की पूल पुन्हा मोजायला पाहिजे होता. पण रस्ता वर उचलणाऱ्याला कोणी जाब विचारला? आकडा तसाच ठेवणाऱ्याच्या तोंडाचा वास कोणी घेतला?

बांबू आता माझ्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. निळ्या धाग्याच्या सहा बोटं खाली मी एक पांढरा धागा बांधला, त्याच्यासारख्याच दोन गाठी मारून. परवा वहिनी आली. पांढऱ्या धाग्यावरून तिनं बोट फिरवलं.

"हे तुमी त्यायच्या समोर बांधाले पाहिजे होतं, भाऊजी."