चांदी घोटणारे काका

नाशिक रोडच्या आमच्या दंतवैद्यांकडे दातात भरायची चांदी त्यांचे मदतनीस काका घोटत. खलात चांदीची पूड आणि पारा घालण्यापूर्वी ते विचारत, "डॉक्टर, ज्वारी की हरभरा?" खड्डा केवढा, एवढंच त्यांना हवं असे.

त्या वर्षी दातांतल्या पाऱ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. एक निवृत्त शिक्षिका कात्रण घेऊनच आल्या. चार दातांतली चांगली टिकलेली चांदी त्यांना कोरून काढायची होती. कोरताना उलट जास्त पारा सुटेल, हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटेना.

काकांनी आ वासला. "मोजा, बाई."

बाईंनी चष्मा लावून चांदी भरलेले सात दात मोजले.

"वीस वर्षं झाली. काही झालं का मला?"

"बडबड फार करता."

"ती आधीपासूनची आहे."

बाई हसल्या आणि चांदी राहू द्यायला तयार झाल्या. मग माझा नंबर लागला. काका माझ्या दातासाठी चांदीचा लगदा उघड्या तळहातावर मळू लागले, तशा त्या दारातून परतल्या. "हातमोजे कुठे आहेत? पारा हाताळणाऱ्यांनी जपावं, असं या कात्रणातच लिहिलंय!"

काकांनी लगदा परत खलात टाकला.

पुढच्या खेपेला खिडकी उघडी होती आणि काकांच्या हातांत मोजे होते. "घाम फार येतो हो," ते म्हणाले, "पण बाई दर सोमवारी डोकावून जातात."