दोन पडद्यांमधला सूर

बँडकाका कधीही गुणगुणायचे नाहीत. उकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, शिकवणारा माणूस, पण कुणी "काका, चाल म्हणून दाखवा ना" म्हटलं की ते समोरच्या कागदावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथं लिहिलंय. वाचा." सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्याकडे पंधरा-वीस जण शिकायला यायचे. त्यांत शाळेतली मुलं होती, तशा माझ्या वयाच्या बायकाही होत्या. काका तुसडे आहेत असं आमच्यातल्या बऱ्याच जणींचं मत होतं. कितीतरी दिवस माझंही होतं.

त्यांची माझी ओळख मात्र क्लासमध्ये झाली नाही. इंदिरानगरात माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा अशी कामं असतात. एका सकाळी सत्तरी ओलांडलेला एक ताठ माणूस आत आला आणि त्याने फुटपट्टीने चार-चार रेघा मारलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. रेघांवर आकडे होते. मला वाटलं, वायरिंगचा नकाशा असेल.

"चार रेघा म्हणजे चार तारा," ते म्हणाले. "आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट दाबायचं. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची. याला टॅब म्हणतात. हे लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मी चौकशी केलीय. तुम्ही शिकून घ्याल का?"

मी हो म्हटलं, कारण परीक्षा संपल्या होत्या आणि हातात काम नव्हतं. पंधरा दिवसांत पहिल्या चार चाली टाइप करून दिल्या. काकांनी त्या वाचल्या आणि चारही कागद परत माझ्यासमोर ठेवले. उकुलेलेची हनुवटीकडची तार बारीक असते. सॉफ्टवेअरमध्ये मी ती गिटारसारखी जाड निवडली होती, त्यामुळे निम्मे सूर भलत्याच तारांवर जाऊन पडले होते. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की ज्याला वाजवता येत नाही त्याने हे टाइप करू नये, आणि गुरुवारी साडेपाचला हॉलमध्ये या. अशी मी बेचाळिसाव्या वर्षी त्यांची विद्यार्थिनी झाले.

काका मूळचे निफाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी सैन्यात गेले, तिथे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला शिकले, शेवटची काही वर्षं देवळाली कॅम्पला काढली आणि निवृत्त होऊन इंदिरानगरात राहिले. पत्नी वारली होती, मुलगी पुण्याला असायची. दात पडले तसं क्लॅरिनेट सुटलं. कवळी लावून फुंकता येईना, म्हणून हाताने वाजवायचं काहीतरी हवं, एवढ्यासाठी त्यांनी उकुलेले घेतलं. शिकवण्याची पद्धत मात्र परेडचीच होती. चालीत मध्ये थांबायची जागा आली की आम्ही बायका हमखास घाई करायचो. मग ते हाताने आम्हाला अडवायचे. "गप्प बसायचं तेही मोजून," असं म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचे.

वर्षभरात काम वाढत गेलं. बँडच्या जुन्या धुनी झाल्या, गणपतीच्या आरत्या झाल्या. मग त्यांनी एक वेगळी वही काढली. त्यांची आई कांद्याची लागवड करताना जी गाणी म्हणायची, त्यांच्या चाली या वहीत होत्या. एकूण एकवीस. शब्द अर्धेमुर्धे, चाली पूर्ण. त्या कुठेही छापलेल्या नव्हत्या, कुणी रेकॉर्ड केलेल्या नव्हत्या. काका रोज दुपारी दुकानात येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, मी आकडे टाकायचे, मग सॉफ्टवेअर ती चाल वाजवून दाखवायचं. स्क्रीनवर एक उभी निळी रेघ सुरांवरून सरकत जायची. काका रेघेकडे बघत बोटाने टेबलावर ताल धरायचे आणि शेवटी चूक सांगायचे. त्यांना कसली तरी घाई होती. आजारी असले तरी यायचे. एकदा मी म्हटलं, काका, उद्या केलं तर नाही का चालणार? त्यांनी वहीचं पान उलटलं.

त्या बुधवारी सतरावी चाल पूर्ण झाली होती. मी वाजवायचं बटण दाबलं. निळी रेघ सरकू लागली, काकांचं बोट टेबलावर पडू लागलं. रेघ शेवटाला पोचली आणि ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत जरा पुढं पळतंय. बाकी ठीक."

माझं लक्ष आवाजाच्या खुणेकडे गेलं. सकाळी बँकेचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरचा आवाज बंद केला होता आणि परत चालू करायला विसरले होते. चाल वाजलीच नव्हती. दुकानात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन काहीतरी बोलून विषय बदलला आणि ते वही घेऊन निघून गेले. त्या दिवशी पुढे मला एक लग्नपत्रिका धड करता आली नाही. एकेक गोष्ट आठवायला लागली. हाक मारली की ते लगेच वळायचे नाहीत. शिकणाऱ्याची बोटं बघून चूक पकडायचे. उकुलेले जुळवताना मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघायचे. आणि वहीतल्या सतरा चाली मी ज्यांच्या भरवशावर पक्क्या केल्या होत्या, त्यांना त्यांतलं किती ऐकू आलं होतं?

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते नेहमीच्या वेळेला आले, स्टुलावर बसले.

"काल आवाज बंद होता," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"तुमच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता, उजवा आता जात होता. कानाच्या नसा वाळल्यात, त्यावर इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. यंत्र लावलं की बोलणं कळायचं, पण सूर पत्र्यावर खडे पडल्यासारखे ऐकू यायचे. गुणगुणायला गेले तर आपला सूर लागलाय की नाही हे त्यांनाच कळत नव्हतं. लोकांना कळलं तर पोरं येणार नाहीत, म्हणून गप्प राहिले. "आतून सगळं ऐकू येतं मला, ताई," ते म्हणाले. "आईचा आवाजसुद्धा. पण आतलं बरोबर आहे का, ते कुणाला विचारू?"

त्यांनी वही उघडून अठरावी चाल दाखवली. ती दोनदा लिहिली होती. दोन्ही वेळा सगळं सारखं, फक्त एका जागी पहिल्यांदा दुसरा पडदा होता आणि नंतर तिसरा. कधी हे खरं वाटायचं, कधी ते. मी विचारलं, ही चाल येणारं दुसरं कुणीच नाही का? त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, अक्का आहे.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. गावीच असायची. पण तिने त्यांच्यासमोर गाणं म्हणणं पन्नासेक वर्षांपूर्वी सोडलं होतं. काका बँडमध्ये नवे असताना सुट्टीवर घरी गेले होते. वाडीवस्तीतल्या बायका जमल्या होत्या आणि अक्काने आईचं हेच गाणं म्हटलं. काकांनी क्लॅरिनेटवर तो सूर शोधला, मिळाला नाही, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की अक्का, तू बेसूर गातेस, असला सूर जगात कुठं नसतो. ती उठून आत गेली. पुढे येणंजाणं चालू राहिलं, राखीही चालू राहिली, पण तिने त्यांच्यासमोर पुन्हा गाणं म्हटलं नाही.

रविवारी आम्ही एसटीने निघालो. माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यांच्या मांडीवर उकुलेले. वाटेवरचं चांदोरी मागे पडलं तसे काका जास्तच ताठ बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. ती नाही म्हणाली तर काय, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं.

अक्का पडवीत लसूण निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या जवळ, बारीक, नजर तीक्ष्ण. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. काकांना अर्धं कळत होतं, अर्धं नाही, आणि अक्कांना ते कधीच समजलं होतं हे मला त्यांच्या मोठ्याने बोलण्यावरून कळलं. शेवटी मीच उकुलेले घेतलं आणि कागद समोर ठेवून अठरावी चाल वाजवली, आधी दुसऱ्या पडद्याने, मग तिसऱ्या. चाल संपेपर्यंत अक्कांनी मान वर केली नाही.

"हे नाय," त्या म्हणाल्या. "आन ते बी नाय."

"मग कसं हाय?" काकांनी विचारलं. त्यांनी तिचे ओठ वाचले होते. मी त्यांना गावचं बोलताना प्रथमच ऐकत होते.

"मला काय इचारतो, बाळू? मी बेसूर गाते."

काका स्टुलावरून उठले आणि खाली, तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वेळ लागला. "अक्का, चुकलो मी," ते म्हणाले. "तवा नाय कळलं. आता तर मला ऐकायलाच येत नाय. तू नाय म्हटलं तर आईचं गाणं जाईल."

अक्कांनी लसणाच्या आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटत होतं. मग त्यांनी सूप बाजूला सारलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गायला लागल्या. आवाज चिरका होता, पण डगमगत नव्हता. मी मोबाइल पुढे धरला. ती जागा आली तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं: दुसऱ्या पडद्याच्या थोडा वर, तिसऱ्याच्या थोडा खाली. सूर मधोमध होता, आणि प्रत्येक कडव्यात बरोबर तिथेच. काका बहिणीच्या तोंडाकडे एकटक बघत होते.

मी लॅपटॉप उघडला. तारेला बोटाने किंचित ओढलं की सूर अर्ध्या पडद्याइतका चढतो, आणि त्याची खूण सॉफ्टवेअरमध्ये असते, एक छोटा वर वळलेला बाण. ती मी आजवर वापरली नव्हती. दुसरा पडदा लिहिला, त्यावर बाण लावला आणि लॅपटॉप काकांसमोर धरला. त्यांनी बाण पाहिला. उकुलेले घेतलं, दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि तार जराशी ओढली. अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी थोडी आणखी ओढली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा अक्का थांबल्या, आणि बोट तिथंच ठेव म्हणून त्यांनी हाताने खूण केली.

काकांनी अख्खी चाल वाजवली. त्यांना स्वतःला त्यातलं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. चाल संपल्यावर म्हणाल्या, "आता आईवानी वाजलं." मी ते काकांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

आधीच्या सतरा आणि पुढच्या तीन चालीही आम्ही तिथेच तपासल्या, पाच-सहा रविवार जाऊन. सहा जागी बाण लागले. नंतर काका अक्कांकडेच राहायला गेले. जायच्या आधी क्लासमध्ये उभं राहून त्यांनी सगळ्यांना कान गेल्याचं सांगितलं आणि क्लास माझ्याकडे दिला. मला जमणार नाही असं मी लिहून दिलं, ते त्यांनी न वाचताच बाजूला ठेवलं. एकही जण क्लास सोडून गेला नाही.

या एकवीस चालींचं पुस्तक काढायचं ठरलं होतं; त्याची पानं मी कुरियरने पाठवत राहिले, ते दुरुस्त्या करून परत पाठवत राहिले. गेल्या पावसाळ्यात अक्कांचा फोन आला. काका सकाळी चहा घेऊन पडवीत बसले होते, तिथंच गेले. मी गावी गेले तेव्हा अक्कांनी शेवटचा गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यात चुका काढलेल्या नव्हत्या. फक्त प्रत्येक चालीखाली मी "पारंपरिक" असं टाइप केलं होतं, ते त्यांनी एकवीसही जागी खोडलं होतं आणि त्याखाली आईचं नाव लिहिलं होतं, सखूबाई. अठराव्या चालीखाली आणखी एक नाव होतं, अक्कांचं.

मी तसंच छापलं. आता क्लासमध्ये नवीन आलेली मुलं विचारतात, ही सखूबाई कोण? मी सांगते की निफाडकडे कांदे लावायच्या. मग चार मोजते आणि आम्ही सुरू करतो.