हार घालायचा कसा?

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा उल्हासनगरच्या दुकानात माझं फ्लेक्सचं मशीन चालू होतं. तिचा मुलगा एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली..." मशीन बंद करायचंही मला सुचलं नाही. सुषमाताई माझी मामेबहीण. अंबरनाथला घरी बसून डिझाइन करायची आणि छपाईला माझ्याकडे पाठवायची.

तिचं नाव काढलं की मला आधी आमची ती भीती आठवते. बदलापूर गावातल्या एका मंडळानं एकाहत्तरच्या युद्धातल्या जवानांचा स्मृतिदिन करायचं ठरवलं आणि बोधचिन्हापासून फलकांपर्यंत सगळं ताईवर सोपवलं. त्यांना रणगाडा हवा, आगीचे लोळ हवेत, वर पुढाऱ्यांचे चेहरे हवेत. ताईनं सगळ्यावर फुली मारली. भाताच्या पेंढ्याचा फिका रंग, त्यावर जवानांचे फोटो आणि नावं, बास. पण हारावर गाडी अडली. "हार नाही तर श्रद्धांजली कसली, मॅडम?" अध्यक्ष चिडले. त्यांना काय जातंय बोलायला? त्यातला एक जवान बेपत्ता होता. त्याचं काहीच घरी आलं नव्हतं, आणि त्याची बायको, ताराकाकू, म्हातारपणीही ठसठशीत कुंकू लावून वाट बघत होती. त्याचा फोटोच वगळावा, तर काकूंना काय वाटेल...

ताईची झोप उडाली, घास उतरेना. "मन्या, मी हार घातला की काकूंचं कुंकू पुसलं बघ. माझ्यात नाही रे एवढी हिंमत." शेवटी तिनं कुणालाच हार घातला नाही. प्रत्येक फलकाखाली एक लहान फळी बसवून घेतली. फूल वाहायचं ते घरच्यांनी, आपल्या हातानं, वाटलं तर.

त्या दिवशी एकेक घर पुढे होत होतं. काकू उठल्या तशी ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. काकूंनी टोपलीतून शेवंतीचं फूल घेतलं. हात फळीपर्यंत गेला... थांबला. मग त्यांनी ते फूल स्वतःच्या अंबाड्यात खोवलं, पदर सारखा केला आणि जागेवर जाऊन बसल्या. अध्यक्षांनीसुद्धा मान खाली घातली. ताई मंडपामागे जाऊन ढसाढसा रडली.

श्रद्धांजलीचं कुठलंही काम आलं की ती आधी विचारायची, "घरी मागे कोण आहे?" मग रंग, मग अक्षर. परवा तिचाच फलक करायला बसलो आणि तिच्या सवयीनं माझ्या तोंडातून तेच निघालं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मागे तिचा मुलगा होता. आणि मी.